सिरियस, रीमस आणि पुराव्याची दोन मापं

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत सिरियस ब्लॅक कोणाच्याही प्रेमात पडत नाही. बारा वर्षं अझ्काबानच्या तुरुंगात, मग दोन वर्षं लपतछपत, मग एक वर्ष आपल्याच आईच्या घरात कोंडलेला, आणि मग मृत्यू. बायको नाही, मैत्रीण नाही, एखादं जुनं प्रकरणही नाही. जे. के. रोलिंगने तो रकाना रिकामाच सोडलाय. जगभरातल्या हजारो वाचकांनी त्या रकान्यात एक नाव लिहून टाकलं: रीमस लुपिन. या जोडीला फॅनफिकच्या जगात 'वुल्फस्टार' म्हणतात. लुपिन वेअरवुल्फ म्हणून वुल्फ, आणि सिरियस हे एका ताऱ्याचं नाव म्हणून स्टार.

हा लेख वुल्फस्टारच्या बाजूने आहे. 'करू द्या की पोरांना मजा, काय बिघडलं' अशा सुरातली बाजू मला घ्यायची नाही. वाचन म्हणून ही जोडी पटण्यासारखी आहे आणि तिच्याविरुद्धचे नेहमीचे आक्षेप तपासले तर टिकत नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांचा या जगाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ कलाकृतीत जे आहे ते 'कॅनन'. त्यातली पात्रं घेऊन चाहते ज्या कथा लिहितात ते फॅनफिक. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या फॅनफिकला 'स्लॅश' म्हणतात, कारण सत्तरच्या दशकात 'स्टार ट्रेक'चे चाहते कर्क आणि स्पॉक या नावांमध्ये तिरकी रेघ मारत. तेव्हा या कथा सायक्लोस्टाइल केलेल्या अंकांतून पोस्टाने फिरायच्या. आज त्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या साइटवर असतात. ही साइट चाहत्यांनीच उभी केली, तीच चालवतात, तिथे जाहिराती नाहीत, आणि २०१९ साली तिला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

आता पहिला आक्षेप: 'पुस्तकात असं काही नाहीच.'

काय आहे ते बघू. तिसऱ्या पुस्तकात लुपिन वर्षभर एक गोष्ट डंबलडोरपासून लपवतो, की सिरियस कुत्र्याचं रूप घेऊ शकतो. ज्याला सगळं जग खुनी समजतंय, ज्याने आपल्या मित्रांना मारलं असं स्वतः लुपिनही समजतोय, त्याचं गुपित तो फोडत नाही. सत्य कळतं तेव्हा तो सिरियसला उठवून मिठी मारतो. दोघं एकमेकांवर संशय घेतल्याबद्दल एकमेकांची माफी मागतात, आणि बारा वर्षांचा हिशोब दोन वाक्यांत मिटतो. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी डंबलडोर सिरियसला लपायला लुपिनच्या घरी पाठवतो. पाचव्यात लुपिन सिरियसच्या घरी राहतो, आणि नाताळला हॅरीला दोघांकडून मिळून एक भेट येते. सिरियस मरतो तेव्हा हॅरीला धरून ठेवणारा लुपिनच असतो, आणि त्याला एकेक शब्द बोलताना त्रास होतोय हे लेखिका मुद्दाम नोंदवते.

यातून प्रेम सिद्ध होतं का? नाही. मिठी भावासारखी होती असं पुस्तकच सांगतं. लुपिनसाठी प्राण्याचं रूप घ्यायला शिकले ते एकटा सिरियस नव्हे, जेम्स आणि पीटरही. सातव्या पुस्तकात सिरियसच्या जुन्या खोलीत बिकिनीतल्या मुलींची पोस्टरंही आहेत, आईबापांना डिवचायला लावलेली. हे सगळं मान्य.

पण आता सहावं पुस्तक उघडा. टाँक्स नावाची तरुण ऑरर अचानक खंगलेली, गप्प गप्प, केसांचा रंग उडालेली दिसते. तिचा पेट्रोनसही बदललाय. सिरियस नुकताच गेलाय. हॅरीला लगेच शंका येते: हिचं सिरियसवर प्रेम होतं की काय? टाँक्स ही सिरियसच्या नात्यातल्या बहिणीची मुलगी. आपल्याकडे तिने त्याला मामा म्हटलं असतं! दोघांमधला एकही हळवा प्रसंग आपण वाचलेला नाही. तरीही दुःख आणि फिकट चेहरा एवढ्या भांडवलावर हा अंदाज हॅरीला शक्यतेतला वाटतो, आणि वाचकालाही वाटतो. लेखिकेने चकवा रचलाय तो याच भरवशावर. पुढे कळतं की टाँक्सचं प्रेम लुपिनवर आहे.

म्हणजे एका बाईच्या दुःखावरून, दुसरा काहीही पुरावा नसताना, प्रेमाचा तर्क करता येतो. त्याच मृत्यूबद्दल एका पुरुषाचं दुःख, सोबत शाळेपासूनची ओळख, एकत्र राहणं, एकत्र दिलेली भेट, एवढं सगळं असलं तरी ती 'फक्त मैत्री'. पुरावा कमी पडतोय म्हणून हे होत नाही. पुरावा मोजायची मापं दोन आहेत म्हणून होतं.

आम्ही कोड लिहितो तेव्हा एखाद्या फील्डमध्ये काहीच भरलं नाही तर सिस्टिम डिफॉल्ट धरून चालते. डिफॉल्ट म्हणजे सत्य नव्हे. तो कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला निर्णय असतो. सिरियसचं फील्ड रिकामं आहे. त्याला स्ट्रेट समजणारा वाचकसुद्धा ते फील्ड भरतोच आहे, फक्त भरताना आपला हात त्याला दिसत नाही.

दुसरा आक्षेप: 'लेखिकेच्या मनात तसं नव्हतं.' खरंय, नव्हतं. पण २००७ मध्ये, सातही पुस्तकं बाजारात आल्यावर, रोलिंगने न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमात सांगितलं की डंबलडोर गे आहे. पुस्तकांत हे कुठेच स्पष्ट लिहिलेलं नाही. आता पेच बघा. पुस्तकाबाहेरचं विधान धरायचं, तर 'पुस्तकात नाही' हा पहिला आक्षेप गळून पडतो. धरायचं नाही, तर लेखिकेच्या मनात काय होतं याला किंमत उरत नाही. दोन्ही आक्षेप एकाच वेळी वापरता येणार नाहीत. आणि अधिकृत शिक्का मिळून तरी काय मिळतं? २०२२ च्या सिनेमात डंबलडोरचं प्रेम अखेर संवादात आलं, आणि चीनमधल्या प्रदर्शनासाठी ते सहा सेकंद कापून काढले गेले. सहा सेकंदांत कापता येईल एवढंच ते होतं.

तिसरा मुद्दा लुपिनच्या वेअरवुल्फ असण्याचा. हा आजार म्हणजे एचआयव्हीसारख्या, कलंक चिकटलेल्या आजारांचं रूपक आहे, हे रोलिंगनेच सांगितलंय. लुपिन लहानपणापासून गुपित सांभाळतो, नोकऱ्या गमावतो, विटके कपडे घालतो. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी स्नेप त्याचं गुपित फोडतो आणि लुपिन त्याच दिवशी राजीनामा देतो, कारण असा माणूस आपल्या मुलांना शिकवतोय हे पालकांना चालणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. हे पुस्तक १९९९ साली आलं. त्या वेळी ब्रिटनमध्ये 'सेक्शन २८' लागू होतं. १९८८ च्या या कायद्याने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' द्यायला बंदी केली होती, आणि त्याच्या धाकाने सरकारी शाळांतले शिक्षक या विषयावर तोंड उघडायला घाबरत. इंग्लंडमध्ये तो २००३ साली रद्द झाला. लुपिनच्या राजीनाम्याचं पान त्या काळातल्या एखाद्या गे शिक्षकाने कसं वाचलं असेल? वुल्फस्टार लिहिणाऱ्यांनी रूपक बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. लेखिकेने पेरलेलं रूपक त्यांनी शेवटापर्यंत वाचलं, एवढंच.

उलट या रूपकातली एक चीर त्यांनी सांधली. पुस्तकातला दुसरा ठळक वेअरवुल्फ फेनरिर ग्रेबॅक मुद्दाम लहान मुलांना चावतो, म्हणजे कलंकित माणसाबद्दलची सगळ्यात घाणेरडी अफवा कथेत खरी ठरते. फॅनफिकमध्ये लुपिनचा आजार आणि त्याचं प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी होतात. आजार त्याला झालाय. प्रेम त्याने केलंय.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे: 'दोन पुरुषांना निखळ मैत्रीही करू देणार नाही का?' हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पुरुषांना एकमेकांशी हळवं वागायची मुभा आधीच कमी. त्यात प्रत्येक मिठीकडे संशयाने बघितलं तर तीही जाईल. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. वुल्फस्टारच्या बहुतेक कथांत सिरियस आणि जेम्सची मैत्री जशीच्या तशी असते, मिठ्यांसकट. आणि रॉन-हर्मायनी सहा वर्षांच्या मैत्रीनंतर प्रेमात पडले तेव्हा 'मुलामुलींची निखळ मैत्री बुडाली' म्हणून एवढा गळा कोणी काढला होता? इथेही मापं दोनच.

मराठी वाचकाला तर यात नवल वाटू नये. आपण ज्या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या त्यातल्या कितीतरी दुसऱ्याच्या कथेतल्या मोकळ्या जागांवर उभ्या आहेत. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) वृषाली आणि शोण स्वतःच्या तोंडाने बोलतात. 'व्यासांनी हे लिहिलंय का?' असं विचारून कोणी ते पुस्तक बंद केलं नाही. महाभारत जुनं, सगळ्यांचं, आणि पॉटर कॉपीराइटमधला, हा फरक आहेच, म्हणून तर फॅनफिक विकत नाहीत, फुकट वाचायला देतात. पण वाचकाची कृती तीच आहे: कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला मध्ये बोलावून 'तुझं काय झालं ते सांग' म्हणायचं.

हे सगळं म्हणताना पंथातले दोषही सांगायला हवेत. वुल्फस्टारच्या बऱ्याच कथांत टाँक्स एक तर गायब असते, नाही तर मूर्ख. हा आळस आहे. लुपिन आधी सिरियसवर आणि नंतर टाँक्सवर प्रेम करू शकतो. बायसेक्शुअल हा शब्द उगाच नाही. पुस्तकात तो टाँक्सला आपण म्हातारे, गरीब आणि धोकादायक असल्याची कारणं देत टाळत राहतो. त्या टाळण्यामागे एक जुनं दुःख उभं केलं तर ती प्रकरणं अधिक खोल होतात, टाँक्सला लहान न करता.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली कथा 'ऑल द यंग ड्यूड्स'. २०१७-१८ मध्ये लिहिलेली, १८८ प्रकरणं, पाच लाखांहून जास्त शब्द. यातला लुपिन अनाथाश्रमात वाढलेला, हॉगवर्ट्सला येतो तेव्हा धड वाचताही न येणारा. पुस्तकातला सौम्य, वाचनवेडा लुपिन इथे एकेक अक्षर कमावून तयार होतो. कथा लांबते, पहिली वर्षं रेंगाळतात, कात्री चालवायला कोणी हवं होतं. पण शेवट काय होणार हे ठाऊक असूनही धाकधूक कायम राहते. मुलं तेरा-चौदाची होऊन हसत असतात आणि आपण मनात १९८१ साल मोजत असतो. जेम्स-लिली मरणार आहेत, सिरियस तुरुंगात जाणार आहे, आणि ज्याच्यावर प्रेम केलं तोच खुनी आहे असं समजून लुपिनला बारा वर्षं काढायची आहेत. ही बारा वर्षं मूळ पुस्तकात दोन ओळींची माहिती आहे. इथे ती जगावी लागतात.

यात पणाला काय लागलंय, असं कोणी विचारेल. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे आज एका फ्लॅटमध्ये दहा वर्षं संसार करणारे दोन पुरुष गुन्हेगार नाहीत, पण कागदावर ते एकमेकांचे कोणीही नाहीत. सोसायटीच्या लेखी ते रूममेट, नातेवाइकांच्या लेखी 'त्याचा मित्र'. एक गेला तर दुसऱ्याला सांत्वनाचा फोन कुठल्या नात्याने करायचा हे कोणालाच कळत नाही.

लुपिनचं नेमकं हेच झालंय. सिरियस पडद्यामागे जातो, आणि सगळं जग हॅरीची समजूत काढायला धावतं. ते बरोबरच आहे, गोष्ट हॅरीची आहे. पण त्या रात्री लुपिन कुठे गेला, ग्रिमॉल्ड प्लेसमधल्या त्या घरात त्याने पुन्हा पाऊल कसं टाकलं, सिरियसचे कपडे कोणी आवरले, हे पुस्तकात कोणी विचारत नाही. फॅनफिक लिहिणारी एखादी मुलगी रात्री दोन वाजता, मोबाइलवर, फुकटात, त्याला ते विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते.