गुण, गुणवत्ता आणि संशोधनाचा उंबरठा

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो : अंगची योग्यता आणि परीक्षेतील अंक. त्यामुळे अंक म्हणजेच योग्यता, असा समज नकळत रुजतो. बोलण्यात हा घोटाळा क्षम्य होय. प्रवेशाच्या नियमांत तो शिरला म्हणजे मात्र त्याची चिकित्सा करणे प्राप्त ठरते.

विश्वविद्यालय अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विनियमांनुसार पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीधारकास किमान 55 टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट येणाऱ्यास 75 टक्के. राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे. पुढे मार्च 2024 मध्ये असे ठरले की, नेटमधून प्रवेशास पात्र ठरलेल्या, परंतु अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या उमेदवारांची निवड करताना नेटला 70 व मुलाखतीला 30 टक्के भार द्यावा. या गणितात पदवीच्या गुणांना स्थान नाही; त्यांचे कार्य केवळ उंबरठ्याचे. उंबरठ्याच्या आत 76 आणि 95 सारखेच. बाहेर 74 आणि 40 हेही सारखेच.

तत्त्वतः यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो सरासरीवर. समान श्रेयांकांची आठ सत्रे कल्पून पाहा. एका विद्यार्थ्याचे गुण 58, 62, 68, 72, 76, 80, 84, 86, सरासरी 73.25. दुसऱ्याचे 88, 85, 82, 78, 74, 70, 66, 63, सरासरी 75.75. पहिला सतत चढत आहे, दुसरा सतत उतरत आहे. नियम मात्र दुसऱ्यास आत घेतो. भाषेच्या अभ्यासातून कालक्रम पुसून टाकला तर ध्वनिपरिवर्तन दिसेनासे होते. सरासरीत विद्यार्थ्याची वाढ तशीच दिसेनाशी होते.

हा पहिला विद्यार्थी सर्वस्वी काल्पनिक नव्हे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत उत्तरे लिहिणारी मुले आपण वर्गात पाहतोच. त्यांची पहिली दोन सत्रे विषयापेक्षा भाषेशीच झगडण्यात जातात. त्या सत्रांचे अंक खोटे नसतात. परंतु ते विषयाच्या जाणतेपणाबरोबर माध्यमाची अडचणही मोजतात, आणि पुढे ही दोन मापे वेगळी करता येत नाहीत.

उंबरठ्याच्या बाजूने असे म्हणता येईल की, तो निःपक्षपाती आहे. मुलाखतीत ओळखदेख आणि बोलण्याची सफाई यांचा प्रभाव पडतो. हे म्हणणे वजनदार आहे. शिवाय काही तासांत वस्तुनिष्ठ प्रश्न सोडविण्याच्या परीक्षेपेक्षा चार वर्षांचे गुण हा अधिक दीर्घ पुरावा होय. म्हणूनच गुण बाजूस सारा, असे आमचे म्हणणे नाही. ते वाचा, एवढेच म्हणणे आहे. एकूण सरासरी 75 असावी किंवा अखेरच्या चार सत्रांची सरासरी 75 असावी, असा पर्यायी निकष आयोगास घालता येईल. तोही तितकाच अंकबद्ध आणि तितकाच निःपक्षपाती राहील. वरील उदाहरणात पहिल्या विद्यार्थ्याची ही सरासरी 81.5 भरते.

जोवर असा निकष नाही, तोवर चार वर्षांत जो सर्वांत अधिक शिकला, त्यालाच दाराबाहेर ठेवण्याचा संभव कायम राहतो. शिकण्याची ही ओढ म्हणजेच संशोधकाचा पहिला गुण. ‘गुण’ शब्दाच्या मूळ अर्थाने.