चित्रपटांतला डॉक्टर व खरा डॉक्टर

तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० सालचा हिंदी चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांच्या मनांतून पंकज कपूर यांनीं उभा केलेला तो तापट, हट्टी संशोधक सहसा जात नाहीं. रमापद चौधुरी यांच्या ‘अभिमन्यु’ या बंगाली कथेवर चित्रपट आधारलेला असून, त्या कथेमागें कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय उभे आहेत हें आतां सर्वश्रुत आहे. अभिनय उत्तम, दिग्दर्शन संयमी, पारितोषिकेंहि मिळालीं. आमची तक्रार निराळी आहे.

चित्रपटाच्या नायकानें शोधली आहे ती कुष्ठरोगावरील लस. मुखोपाध्यायांचा विषय होता वंध्यत्व. हा बदल वाटतो तितका किरकोळ नाहीं. लस शोधून काढणाऱ्यास आपला पुरावा चारचौघांत मांडतां येतो. मुखोपाध्यायांचा पुरावा म्हणजे ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, इंग्लंडांतील लुईझ ब्राऊनच्या मागून अवघ्या ७० दिवसांनीं, जन्मलेली एक मुलगी होती. आणि तिच्या घरच्यांस गाजावाजा नको होता. ज्या समाजांत मूल न होणाऱ्या बाईस शुभकार्यांतहि मागें उभें राहावें लागे, तेथें त्यांची ही भीति कोण चुकीची ठरवील? ‘दुर्गा’ हें नांव तेवढें जगास कळलें. डॉक्टरांची खरी कोंडी ती हीच, आणि चित्रपटांतून नेमकी तीच निसटली आहे. उरतो तो मत्सरी वरिष्ठ व निर्बुद्ध नोकरशाही यांचा ओळखीचा झगडा.

वास्तविक त्यांचें कार्य अधिक तपशिलानें दाखविण्याजोगें होतें. एडवर्ड्स व स्टेप्टो यांनीं नैसर्गिक ऋतुचक्रांत पिकलेलें एकच स्त्रीबीज पोटांत दुर्बीण घालून मिळविलें. मुखोपाध्यायांनीं संप्रेरकांच्या योगानें अनेक बीजें पिकविलीं, तीं योनिमार्गानें काढलीं, फलित गर्भ गोठवून ठेवले आणि गर्भाशय पूर्ववत् झाल्यावर पुढच्या एका चक्रांत गर्भ आंत ठेवला. साथीस शीतजीवशास्त्रज्ञ सुनीत मुखर्जी व स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांति भट्टाचार्य होते. गोठविलेल्या गर्भापासून झालेला पुढचा नोंदलेला जन्म ऑस्ट्रेलियांतला, आणि तो १९८४ चा! आज हा क्रम जगभर नित्याचा झाला आहे.

सरकारी समितीनें त्यांचा दावा फेटाळला. शंका घेणें हा गुन्हा नव्हे. मुखोपाध्यायांनीं छापलें होतें तेंहि त्रोटकच. परंतु शंकेचें निरसन करण्याची वाटच बंद करणें हें शास्त्राचें काम खास नव्हे. जपानचें निमंत्रण आलें असतां त्यांस जाऊं दिलें नाहीं, आणि १९८१ सालीं या संप्रेरकशास्त्रज्ञाची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेंत! १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं आत्महत्या केली. चित्रपटाचा नायक मात्र शेवटीं परदेशची वाट धरतो. प्रेक्षकांस हायसें वाटतें. आम्हांस वाटलें नाहीं.

या कथेंतील सर्वांत सुंदर प्रवेश चित्रपटानंतर घडला, तेव्हां त्याबद्दल सिन्हांस बोल लावतां येत नाहीं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या केईएम रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनीं जन्मलेलें मूल भारतांतील पहिलें म्हणून गणलें जात होतें. पुढें आनंद कुमारांनीं मुखोपाध्यायांचे हस्तलिखित कागद स्वतः तपासले, आणि १९९७ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें लिहून पहिलेपणाचा मान कलकत्त्याच्या त्या मृत डॉक्टरास देऊन टाकला. हा मान त्यांचा स्वतःचा होता, हें विसरतां कामा नये. खलपुरुष रंगविणें सोपें असतें. असा मनुष्य रंगविण्यास निराळा चित्रपट लागेल.

त्यानंतर सहा वर्षांनीं, पंचविसाव्या वाढदिवशीं, दुर्गा स्वतः लोकांपुढें आली आणि आपल्या जन्माविषयीं बोलली.