इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ

इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचे मराठी अर्थ देणाऱ्या याद्या आपल्या शालेय व्याकरणपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापल्या जात आहेत. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि परीक्षेपुरते पाठांतर, असा हा व्यवहार आहे. समीक्षकाचे लक्ष या याद्यांकडे क्वचितच जाते. परंतु विद्यार्थ्याच्या मराठीला वळण लावण्याचे काम त्या निमूटपणे करीत असल्यामुळे त्यांची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

ही परीक्षा मुंबई-पुण्यात बसून करण्यापेक्षा मराठीच्या सीमेवर जाऊन करणे इष्ट, असे आम्हांस वाटते. दादरा-नगर हवेलीतील खेरडी हे गाव घ्यावे. हा मुलूख १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता आणि १९६१ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाला. इंग्रजी तेथे राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आली नाही. ती शाळेच्या व छापील कागदाच्या वाटेने आली. वारली, कोकणा, धोडिया, गुजराती आणि मराठी या बोली-भाषा तेथे शेजारी शेजारी नांदतात. घरी वारली बोलणारा व शाळेत मराठी शिकणारा एखादा विद्यार्थी तेथे असेल, तर यादीतील अर्थ त्याला तिसऱ्या भाषेतून दुसऱ्या भाषेत मिळतो. अर्थाची गळती कोठे होते, हे त्याच्या जागी उभे राहिले म्हणजे स्पष्ट दिसते.

‘हिमनगाचे टोक’ हा शब्दप्रयोग पाहा. मूळ इंग्रजी प्रतिमेत तरंगत्या बर्फाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, आणि न दिसणाऱ्या त्या भागातच सारे मर्म आहे. मराठीत मात्र ‘नग’ म्हणजे पर्वत. ज्याने समुद्रातील हिमखंडाविषयी कधी ऐकले नाही, त्याच्या डोळ्यांपुढे हिमालयाचे शिखर उभे राहणार. आणि शिखर म्हणजे तर सर्वांत उंच, सर्वांत दर्शनीय स्थान! शब्द आले, पाणी मागेच राहिले. उलट, ‘कुत्र्यामांजरांचा पाऊस’ कोणी मराठीत आणला नाही, कारण ‘मुसळधार’ हा शब्द आपल्यापाशी होता. ज्या घरात भात कांडला जातो, तेथे या शब्दाला टीप द्यावी लागत नाही.

याद्यांचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. त्या अर्थ देतात, पण अर्थाचा सूर देत नाहीत. ‘किक द बकेट’ यापुढे ‘मरण पावणे’ एवढेच लिहिलेले असते. मूळ प्रयोग थट्टेचा, किंबहुना उर्मट आहे. त्याचे नाते मराठीतील ‘गचकणे’ याच्याशी आहे, ‘कैलासवासी होणे’ याच्याशी नाही. यादीवर विसंबून एखाद्या मुलाने आपल्या आजोबांच्या निधनाचे वृत्त इंग्रजी पत्रात या शब्दांनी कळविले, तर व्याकरण शुद्ध राहील आणि शोक मात्र विटंबित होईल. दोष मुलाचा नव्हे. मृत्यूसाठी इतके निरनिराळे शब्द जपणाऱ्या भाषेत एकच सपाट शब्द निवडणाऱ्या संपादकाचा आहे.

मग परकीय वाक्प्रचार मराठीत रुजतच नाहीत काय? रुजतात, पण आपल्या अटींवर. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या कथा मराठीत आणल्या. आज ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ती आपल्या गोष्टीसह आपल्यात वावरते. ‘सिंहाचा वाटा’ याचा प्रवास तर अधिक उद्बोधक आहे. कथेतील सिंह सामाईक शिकार एकटाच बळकावतो. तेथील वाटा हा बळजोरीचा आहे. इंग्रजीत तो ‘सर्वांत मोठा भाग’ झाला. कामाच्या मोठ्या भागासही तो लावला जातो. मराठीत मात्र ‘संस्थेच्या उभारणीत त्यांनी सिंहाचा वाटा उचलला’ असे आपण गौरवाने म्हणतो. घेणारा सिंह येथे देणारा झाला! आमच्या मते या परिवर्तनाचे कारण शेजारी आहे. सेतुबंधनाच्या लोककथेतील खारीने मराठीला ‘खारीचा वाटा’ दिला. तो श्रमाचा व समर्पणाचा वाटा होय. परका सिंह तिच्या शेजारी येऊन बसला आणि तिचा स्वभाव उचलता झाला. भाषेचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. यादीत मात्र या सिंहापुढे ‘मोठा हिस्सा’ एवढीच नोंद आढळते.

यावरून अध्यापकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, वाक्प्रचार शिकविताना त्यामागील वस्तू किंवा गोष्ट आधी सांगावी, मग त्याचा सूर सांगावा, आणि अर्थ शेवटी द्यावा. त्यानंतर विद्यार्थ्यास विचारावे, ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ खेरडीतील मूल कदाचित वारलीतील असा एखादा प्रयोग सांगेल की, जो आपल्या कोणत्याच यादीत नाही. तो फळ्यावर मराठीच्या शेजारी लिहावा. इंग्रजी सिंहाला आपल्या भाषेत जागा मिळाली. मग हवेलीच्या रानातील शब्दांना ती नाकारण्याचे कारण काय?