रसविघ्न आणि नरसंहारपट : येलहंका येथील वर्गाच्या संदर्भात

ज्यूंच्या नरसंहारावरील चित्रपट वर्गात दाखवण्यामागे सहसा एक गृहीतक असते. पडद्यावरील यातना पाहून विद्यार्थी हेलावेल आणि हेलावलेला विद्यार्थी अधिक शहाणा होईल, असे ते गृहीतक. त्याचा पहिला भाग बहुधा खरा ठरतो. दुसरा सहसा तपासला जात नाही. खेळ संपल्यावर पसरलेली शांतता आणि पाणावलेले डोळे हीच अध्यापनाच्या यशाची खूण मानली जाते. ही खूण कितपत विश्वसनीय आहे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्याच्या विवेचनात अभिनवगुप्ताने मांडलेल्या रसविघ्नांच्या विचाराचा उपयोग होतो. मात्र हा विचार नरसंहारपटांच्या बाबतीत एका टप्प्यावर उलटतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

या प्रश्नाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. जानेवारी १९९४ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृत्यर्थ पाळल्या जाणाऱ्या दिवशी, ऑकलंड येथील कॅसलमाँट हायस्कूलच्या सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) पाहण्यासाठी चित्रपटगृहात नेण्यात आले होते. एका ज्यू स्त्रीला गोळी घातली जाते त्या प्रसंगी त्यांच्यापैकी काही जण हसले. अन्य प्रेक्षकांनी तक्रार केली, खेळ थांबवण्यात आला आणि या विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आले. ही बातमी देशभर पसरली. पुढे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग स्वतः त्या शाळेत गेले. विद्यार्थी प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. त्यांच्या हसण्याचा अर्थ ज्यूद्वेष असा लावणारे होते, तसेच हिंसा रोज पाहणाऱ्या वस्तीतील मुलांचे ते हसणे होते असे म्हणणारेही होते.

अभिनवगुप्ताच्या परिभाषेत हे हसणे म्हणजे रसविघ्न. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी तीन येथे विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले संभावनाविरहाचे : समोर चाललेले घडणे शक्य आहे असेच प्रेक्षकाला वाटत नाही. दुसरे स्वगत-परगत भेदामुळे विशिष्ट देशकालात अडकून पडण्याचे : हे माझे, हे दुसऱ्याचे, अशा हिशेबात मन गुंतते. तिसरे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होण्याचे. ऑकलंडच्या मुलांच्या बाबतीत दुसरे आणि तिसरे विघ्न एकत्र आले, असे म्हणता येईल. त्यांना स्वतःच्या वस्तीतील हिंसेचा विसर पडला नव्हता. दुसऱ्याच्या दुःखाचा आदर करायला मात्र त्यांना सांगण्यात आले होते.

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका येथील वर्ग याहून वेगळा आहे. १९८४ साली सुरू झालेला रेल्वेचा चाक-आसांचा कारखाना, वायुसेनेचा तळ आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र यांच्या परिसरात येथे केंद्रीय विद्यालये आहेत. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांची मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, मल्याळम बोलणारी मुले अशा शाळांत एका बाकावर येतात. २००६ साली तयार झालेल्या एन. सी. ई. आर. टी.च्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण आले. गणिताच्या तासालाही ज्यूंविषयीचे पूर्वग्रह कसे रुजवले जात, याचा त्यात उल्लेख आहे. गांधीजींनी हिटलरला लिहिलेल्या पत्रांचीही चौकट आहे. अशा वर्गाला युरोपातील यहुदी इतिहासाची घरातून आलेली स्मृती नसते. हिटलर हे नाव मात्र परिचयाचे असते, आणि तेही विचित्र रीतीने. कडक शिस्तीच्या शिक्षकाला हे टोपणनाव सहज चिकटते. 'हिटलर दीदी' (२०११) या नावाची मालिका घरोघरी पाहिली गेली. 'माइन काम्फ'ची भाषांतरे मराठीसह अनेक भारतीय भाषांत विकली जातात. येथील अडथळा संभावनाविरहाचा आहे. नाव आधीच विनोदात आणि शिस्तीच्या कौतुकात विरघळलेले असल्याने, त्या नावाखाली घडलेले शक्य वाटत नाही.

हा अडथळा दूर करण्यासाठी शिक्षक साहजिकच सर्वांत हृदयद्रावक चित्रपट निवडतो. तेथेच निवडीची चूक होण्याचा संभव असतो. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (२००८) हे त्याचे ठळक उदाहरण. छळछावणीच्या अधिकाऱ्याचा अजाण मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो आणि शेवटी चुकून त्याच्यासोबत वायुकोठडीत मरतो. प्रेक्षकाचा शोक कुंपणाअलीकडच्या मुलाभोवती, 'चुकून' मेलेल्याभोवती गोळा होतो. ज्यांना ठरवून मारले ते पार्श्वभूमीला जातात. या विषयाचा अभ्यास वा अध्यापन करणाऱ्यांनी चित्रपटामागची मूळ कादंबरी टाळावी, असे आउश्वित्झ संग्रहालयाने २०२० साली जाहीरपणे सुचवले. चित्रपट रडवतो, साधारणीकरण पूर्ण होते, आणि ज्यू मात्र हरवतो.

येथे रसविचार उलटतो. देशकालाचे विशेष गळून पडावेत आणि शोक कोणा एकाचा न राहता आस्वाद्य व्हावा, ही करुण रसाची अट आहे. करुण रस आनंददायी कसा, हा मराठी समीक्षेतील जुना वाद याच अटीतून निर्माण झाला. नरसंहारपटात मात्र जे गळून पडू नये तेच देशकाल असतात : कोणते गाव, कोणती गाडी, कोणाची सही. विशेष विरघळले की उरते ती 'युद्ध वाईट असते' ही निरुपद्रवी शिकवण. काव्यानुभवातील विघ्न येथे अध्यापनाचे साधन ठरते.

आलें रेने यांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) हा बत्तीस मिनिटांचा माहितीपट या दृष्टीने मधल्या स्थानी आहे. गवत उगवलेल्या छावण्यांची रंगीत दृश्ये आणि जुनी कृष्णधवल छायाचित्रे यांच्या आलटून पालटून येण्याने तो काळाचे भान सुटू देत नाही. निवेदनाचे लेखक झाँ केरॉल स्वतः माउटहाउझेन छावणीतून वाचलेले होते. तरीही त्यातील प्रेतांच्या राशी कोवळ्या वयाच्या प्रेक्षकाला मान फिरवायला लावतात, आणि मान फिरवणाऱ्याला पुढचे ऐकू येत नाही. शिवाय निवेदनात ज्यूंचा उल्लेख इतका अल्प आहे की बळी कोण होते याचा तपशील शिक्षकालाच पुरवावा लागतो.

क्लोद लांझमान यांच्या सुमारे साडेनऊ तासांच्या 'शोआ' (१९८५) मध्ये जुन्या चित्रफितींचा एक तुकडाही नाही. त्यातील एका प्रसंगात इतिहासकार राउल हिलबर्ग जर्मन रेल्वेचा एक वेळापत्रकाचा कागद वाचून दाखवतात. गाडीचे डबे किती, ती कोठून सुटणार, ट्रेब्लिंका येथे रिकामी होऊन परत कोठे जाणार, हे त्यावर नोंदलेले आहे. माणसांना मृत्यूकडे नेणाऱ्या या प्रवासाचे भाडे आकारले जात असे : दहा वर्षांखालील मुलांना अर्धे, चार वर्षांखालील मुलांना माफ, मोठ्या समूहाला सवलत, नेल्या जाणाऱ्यांचे एकेरी, पहारेकऱ्यांचे परतीचे. या प्रसंगात कोणी रडत नाही. एक माणूस कागद वाचतो.

रेल्वेच्या कागदांवर घर चालणाऱ्या वस्तीतील मुलाला या कागदाची भाषा शिकवावी लागत नाही. अर्धे तिकीट, माफ तिकीट, रिकामी परतणारी गाडी हे त्याच्या घरातले शब्द आहेत. संभावनाविरहाचे विघ्न प्रेतांच्या राशीने दूर होत नाही, कारण रास जितकी मोठी तितकी ती अशक्य वाटते. ते दूर होते ते ओळखीच्या गोष्टीने. हे शक्य होते, आणि कार्यालयीन कामाचा भाग म्हणून शक्य होते, असे जेव्हा विद्यार्थ्याच्या ध्यानात येते, तेव्हा 'हिटलर' हे टोपणनाव हलके राहत नाही. येथे घडते ते साधारणीकरण नव्हे. गाडी ट्रेब्लिंकाचीच राहते. केवळ ती चालवणारी व्यवस्था परकी राहत नाही.

अशा निवडीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की भावनेला वगळून नरसंहार शिकवणे हेच कोरडेपणाचे, म्हणजे त्या कार्यालयीन वृत्तीचे, अनुकरण ठरेल. आक्षेप रास्त आहे. परंतु येथे भावना वगळलेली नाही, तिचा क्रम बदलला आहे : आधी आकलन, मग शोक. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्ग हे चित्रपटगृह नव्हे. तेथून उठून जाण्याची मोकळीक नसते. म्हणून जे दाखवायचे ते आधी सांगणे, न पाहण्याचा मार्ग खुला ठेवणे आणि नंतर बोलण्यास वेळ राखून ठेवणे ही सौजन्याची बाब नसून अध्यापनाची अट आहे. सक्तीने घडवलेला करुण रस ही विसंगती आहे.

शेवटी एक तुलना अपरिहार्य ठरते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये वेदनेच्या साहित्याला आनंदवादी निकष लावण्यास नकार दिला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) तो नकार दृश्यरूप घेतो. डुक्कर पकडू पाहणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागीच स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. हा चित्रपट दाखवल्यावर वर्गात हसू फुटले, तर ते कोणाचे, हे त्या वर्गात प्रत्येकाला ठाऊक असते. ट्रेब्लिंकाच्या दुःखाला भारतीय वर्ग सहज मान देतो, कारण त्यात त्याच्या आडनावांचा प्रश्न येत नाही. जातीय अत्याचार आणि ज्यूंचा नरसंहार एकच नव्हेत, आणि त्यांना एक मानणे म्हणजे पुन्हा देशकाल पुसून टाकणे होय. परंतु दूरच्या दुःखावर अश्रू ढाळून जवळच्या दुःखापासून सुटका होत असेल, तर नरसंहारपट दाखवण्याचा हेतू विफल होतो. येलहंका येथील वर्गात 'शोआ'तील तो कागद आणि 'फँड्री'तील तो दगड एकाच सत्रात, परस्परांत न मिसळता, पाहिले गेले, तर या अध्यापनाचे यश अश्रूंवर मोजण्याची गरज उरणार नाही. विद्यार्थी कोणता प्रश्न घेऊन घरी गेला, यावर ते मोजावे लागेल.