हरवलेली उत्तरं

सप्टेंबर १९९०मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर केन बर्न्स यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही मालिका सुरू झाली. पहिल्या भागाच्या अखेरीस एक पत्र वाचलं जातं आणि मागे संथ, काळीज कातरणारं व्हायोलिन वाजत राहतं. ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतले मेजर सलिव्हन बलू यांनी १४ जुलै १८६१ रोजी पत्नी साराला लिहिलेलं ते पत्र. आठवड्यानं, २१ जुलैला, बुल रनची पहिली लढाई झाली आणि तिथल्या जखमेनं बलू गेले. तेव्हापासून अमेरिकी यादवीतलं नवरा-बायकोचं पत्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं.

मीही ते ऐकून गलबलले होते. पण त्या गलबलण्याची थोडी चिकित्सा करायला हवी. हे पत्र टपालात पडलंच नाही. बलू यांच्या सामानात ते मागाहून सापडलं. त्यांच्या हस्ताक्षरातला मूळ कागद आज उपलब्ध नाही, आहेत त्या नकला. मालिकेत वाचला गेला तो त्यातलाही काटछाट केलेला मजकूर. आणि ऐकणाऱ्याला हमखास यादवीच्या काळातली वाटणारी ती धून जे अंगर यांनी १९८२ साली रचलेली. सारा चोविसाव्या वर्षी विधवा झाली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, ती १९१७पर्यंत जगली. तिला या पत्राचं उत्तर लिहिण्याची वेळच आली नाही, आणि आपल्यालाही तिच्या उत्तराची उणीव भासत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

या विषयावरच्या पुस्तकांचं एखादं कपाट नुसतं बाहेरून पाहावं. ‘होम लेटर्स ऑफ जनरल शर्मन’ (१९०९). जनरल पेंडर यांच्या पत्रांचं ‘द जनरल टू हिज लेडी’ (१९६५). जॉर्जियातल्या एका सैनिकाचं ‘लेटर्स टू अमांडा’. सगळा ओघ एकाच दिशेनं, छावणीकडून घराकडे. याला कारण आहे, आणि ते अगदी साधं आहे. बायकोनं नवऱ्याची पत्रं घरातल्या पेटीत जपली. नवऱ्याकडे आलेली पत्रं पाठीवरच्या पिशवीत पावसानं भिजली, पिशवीबरोबर हरवली, किंवा लढाईच्या आदल्या रात्री त्यानंच जाळली. आपण पडलो तर बायकोची अक्षरं परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून. साधनं एकतर्फी उरली हा संपादकांचा दोष नाही. पण अर्धं संभाषण पूर्ण असल्यासारखं वाचायची सवय त्यांनीच लावली. बायकांना ‘धीराच्या’, ‘वाट पाहणाऱ्या’ ही विशेषणं बहाल झाली ती त्या काय म्हणत होत्या हे न ऐकताच.

पेंडर यांच्याच पुस्तकाचं पाहा. १८६१ साली भेटलेल्या एका तरुणीशी झालेल्या लाडिक गप्पांची हकिगत त्यांनी मोठ्या भाबडेपणानं बायकोला लिहून कळवली. फॅनी संतापली आणि तिनं खरमरीत जबाब पाठवला. त्या पुस्तकातलं सर्वांत जिवंत पान माझ्या मते ते आहे. नवऱ्याच्या पुढच्या पत्रातली तारांबळ वाचताना कळतं, की एरवी आपण भिंतीकडे तोंड करून बोलणाऱ्या माणसाला ऐकत होतो. गेटिसबर्गच्या लढाईत झालेल्या जखमेमुळे पेंडर जुलै १८६३मध्ये वारले.

उलटा प्रकारही घडला आहे. जनरल जॉर्ज पिकेट १८७५ साली वारले. त्यांच्या विधवेनं, लासाल पिकेट यांनी, १९१३मध्ये त्यांची प्रेमपत्रं ‘द हार्ट ऑफ अ सोल्जर’ या नावानं छापली. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे गॅरी गॅलघर यांच्यासारख्या इतिहासकारांनी बारकाईनं ताडून पाहिलं, तर त्यांतला मजकूर वॉल्टर हॅरिसन यांच्या १८७०च्या पुस्तकातून उचललेला निघाला. पत्रं बाईंनीच रचली होती. ही लबाडी खरीच. तरी मला तिची गंमत वाटते. बाजारात फक्त नवऱ्याच्या आवाजाला भाव होता, तेव्हा बाईंनी तोच आवाज काढला. आणि ती पत्रं इतकी गोड का लागतात, हेही मग उमगतं: त्यांत देणेकऱ्यांचा तगादा नाही, आजारी जनावर नाही, मीठ संपल्याचा उल्लेख नाही.

खऱ्या पत्रांत हेच असतं. दोन्ही बाजू टिकलेली थोडी पुस्तकं आहेत, ती हातात घेतली की कळतं. अलाबामाच्या ग्रँट आणि मालिंडा टेलर यांचं ‘धिस क्रुएल वॉर’ आणि टेक्सासच्या थिऑफिलस आणि हॅरिएट पेरी यांचं ‘विडोज बाय द थाउजंड’, दोन्ही २०००मधली. संसार टपालानं चालवायचा म्हणजे काय, ते इथे दिसतं. प्रश्न इकडून जातो, उत्तर येईपर्यंत पेरणीची वेळ टळून गेलेली असते, आणि बाई तिला सुचलं ते करून मोकळी झालेली असते. हॅरिएटचं माहेर नॉर्थ कॅरोलायनात, आणि नवरा लढाईवर गेल्यावर ती टेक्सासात सासरच्या माणसांत. आपल्या वाचकाला तिचा एकटेपणा समजावून सांगायला नको. पण तिच्या पत्रात मन गुंतायला लागतं आणि मध्येच घरच्या गुलामांविषयी ती मालकिणीच्या सुरात लिहिते, तेव्हा आपण खाडकन भानावर येतो. थिऑफिलस १८६४च्या एप्रिलमध्ये लढाईत गेला.

टपालाच्या बाबतीत एक तपशील मला विसरता येत नाही. उत्तरेकडे अर्ध्या औंसाच्या पत्राला तीन सेंट पडत. सैनिकाला तिकिटाशिवाय पत्र टाकायची मुभा १८६१मध्ये मिळाली. पैसे घेणाऱ्यानं भरायचे. म्हणजे नवरा जिवंत आहे हे कळायला बायको पैसे मोजे. दक्षिणेत तर कागदाचाच दुष्काळ. वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची, भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाची पाकिटं करायची.

हे सगळं ज्यांना लिहिता येत होतं त्यांचं. इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांच्या मते उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांत नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या सैनिकांत ऐंशी टक्क्यांहून अधिक साक्षर होते. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीयही लढले, आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख होऊ दिलेली नव्हती. त्यांच्या घरची पत्रं मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पानं सरकारी दप्तरातून शोधून काढली. ती कोणी प्रेमानं जपलेली नव्हती. त्यांतली काही, सैनिकांच्या बायकांचे हाल होताहेत याचा पुरावा म्हणून एका अधिकाऱ्यानं वरिष्ठांकडे धाडली, म्हणून वाचली. या क्षेत्रातलं गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वांत मोलाचं काम मी या प्रकल्पाला म्हणेन. व्हायोलिनची साथ त्याला कोणी दिलेली नाही, तेही बरंच झालं.

त्या पत्रांतलंच हे एक. मिझुरी हे संघराज्यात राहिलेलं, पण गुलामी चालू असलेलं राज्य. तिथल्या पॅरिस गावाहून अ‍ॅन नावाची गुलाम स्त्री १९ जानेवारी १८६४ रोजी सैन्यात गेलेल्या नवऱ्याला, अँड्र्यूला, पत्र लिहवून घेते. तुझी दोन पत्रं पोचली, पण लिहून देणारं कोणी आजवर मिळालं नव्हतं. इथे दिवसेंदिवस जाच वाढतो आहे. पोर तुझ्यासाठी रडते. अंगावर धड कपडा नाही, कापड अजून मागावरच आहे. मालकाच्या पत्त्यावर पैसे धाडू नकोस, तो ठेवून घेईल. फार काळजी करू नकोस, मी लवकरच मोकळी होईन आणि मग आपली कमाई आपलीच असेल. खाली ताजा कलम: पुढच्या पत्रात मुलीला तुझी आठवण म्हणून मण्यांची माळ पाठव.

त्याखाली पत्र लिहून देणाऱ्यानं स्वतःच्या चार ओळी जोडल्या आहेत. पत्रं माझ्या नावावर टाक. महिन्यातून एक पुरे. तिच्या मालकानं तिला माझ्या घरी यायची बंदी केली आहे, त्यामुळे तुझी पत्रं तिला एकांतात वाचून दाखवता येत नाहीत. आणि लिहिशील तेव्हा इकडची पत्रं तुला मिळाली आहेत असं दिसू देऊ नकोस. नाहीतर तुझी पत्रं तिच्यापर्यंत पोचायची नाहीत.

म्हणजे अँड्र्यूनं माळ तर धाडायची, पण ती कोणी मागितली होती हे पत्रात कुठे येऊ द्यायचं नाही.