गिरणगावाचं ऐकायचं म्हणजे काय?

संवादातून घडणाऱ्या कलेचा विषय निघाला की अमेरिकी समीक्षक ग्रँट केस्टरचं 'कॉन्व्हर्सेशन पीसेस' (२००४) हमखास आठवतं. त्यातलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये 'वोखेनक्लाउझुर' या ऑस्ट्रियन कलाकारांच्या गटाने झुरिकच्या तलावात बोटफेऱ्या काढल्या. देहविक्रय करणाऱ्या व्यसनग्रस्त बायकांच्या प्रश्नावर त्या बायका, राजकारणी आणि पत्रकार बोटीत बसून बोलले. त्यातून या बायकांसाठी निवारा उभा राहिला. चित्र नाही, शिल्प नाही. ते बोलणं हीच कलाकृती.

त्याच २००४ मध्ये मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' आलं. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून आलेला हा इतिहास. तो कलाकृती म्हणून ओळखला जात नाही, पण संवादी कलेची तत्त्वं मला त्यात जास्त स्पष्ट दिसतात.

पहिलं, वस्तीचा आवाज एकच नसतो. इथे कम्युनिस्ट बोलतात, शिवसैनिक बोलतात, बायका बोलतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपावर त्यांचं एकमत नाही. लेखिकांनी ते घडवूनही आणलेलं नाही.

दुसरं, नातं रेकॉर्डरच्या आधीपासून हवं. दोघीही कामगारांच्या लढ्याशी जोडलेल्या होत्या.

तिसरं, उत्तर ऐकून काम बदललं पाहिजे. मी सॉफ्टवेअर बनवतो. आमच्याकडे कधीकधी डिझाइन आधी ठरतं आणि युजरला नंतर विचारलं जातं. भिंतीवर काय काढायचं ते ठरवून चाळकऱ्यांना फक्त रंग विचारणारा कलाकार हेच करतो.

पुस्तकाची एक बाजू मात्र लंगडी आहे. गिरणगाव मराठीत बोलणारं, आणि पुस्तक आधी इंग्रजीत आलं. मराठी अनुवाद नंतर. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी सुरू केलेलं लाल बावटा कलापथक कामगारांपुढे त्यांच्याच भाषेत उभं राहत होतं. जे बोलले, त्यांना आपलं बोलणं आधी वाचता यायला हवं. नाहीतर चुकलंय तिथे ते टोकणार कसे?

आज परळ-लालबागमध्ये आठवणी गोळा करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला मी हेच विचारेन. म्हाडाच्या सोडती निघाल्या, तरी हक्काच्या घराची वाट पाहणारे कामगार आणि वारस अजून आहेत. तुम्ही भोंग्याची आठवण विचारलीत आणि समोरचा घराबद्दल बोलू लागला, तर रेकॉर्डर चालू ठेवाल का?