बालकांची सी.टी. तपासणी : एका संशोधन-निबंधाचे परीक्षण

बालकाच्या पेशींचे विभाजन वेगाने चालू असते आणि त्याच्यापुढे आयुष्याचा दीर्घ काळ असतो. म्हणून क्ष-किरणांचा धोका त्याला प्रौढापेक्षा अधिक, हे मत जुनेच आहे. परंतु सी.टी. तपासणीपुरता हा धोका किती, याचे उत्तर दीर्घकाळ मुख्यतः हिरोशिमा व नागासाकी येथे वाचलेल्यांच्या निरीक्षणांवरून अनुमानानेच दिले जात असे. मार्क पिअर्स व त्यांचे सहकारी यांचा २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध महत्त्वाचा ठरतो तो यामुळे की, त्याने अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष निरीक्षण आणले.

१९८५ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये वयाच्या बाविशीपूर्वी तपासणी झालेल्या सुमारे १,८०,००० व्यक्तींची नोंद लेखकांनी कर्करोगाच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. रक्ताच्या कर्करोगाचे ७४ व मेंदूतील गाठींचे १३५ रुग्ण आढळले. अस्थिमज्जेस एकूण सुमारे ५० मिलिग्रे मात्रा मिळालेल्यांत पहिल्या रोगाचे, तर मेंदूस सुमारे ६० मिलिग्रे मिळालेल्यांत दुसऱ्याचे प्रमाण अत्यल्प मात्रा मिळालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट दिसले.

या निष्कर्षावर मुख्य आक्षेप असा की, मुलाची तपासणी कोणत्या कारणासाठी झाली हे लेखकांना ठाऊक नव्हते. मेंदूत गाठ असल्याच्या संशयानेच तपासणी झाली असेल, तर रोग हे तपासणीचे कारण ठरते, परिणाम नव्हे. लेखकांनी रक्ताच्या कर्करोगासाठी पहिली दोन व गाठींसाठी पहिली पाच वर्षे वगळून या दोषावर उपाय योजला. तथापि सावकाश वाढणाऱ्या गाठीस पाच वर्षेही अपुरी पडू शकतात. २०१६ साली याच सामग्रीची पुनर्तपासणी झाली, तेव्हा गाठींबाबतचा धोका कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. दुसरी उणीव मात्रेची. प्रत्येक मुलाची मात्रा मोजलेली नसून रुग्णालयांच्या सर्वेक्षणांवरून ठरविलेली होती.

या आक्षेपांमुळे निबंध निकालात निघतो काय? तसे म्हणता येत नाही. नऊ युरोपीय देशांतील सुमारे साडेनऊ लक्ष व्यक्तींच्या अभ्यासात, २०२३ साली, मात्रांचे अधिक काटेकोर गणित करूनही १०० मिलिग्रेमागे रक्ताच्या कर्करोगांचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. मात्र आजच्या सुमारे ८ मिलिग्रेच्या तपासणीचा हिशेब पाहता, १०,००० मुलांमागे पुढील बारा वर्षांत एक किंवा दोन अधिक रुग्ण अपेक्षित आहेत.

'तिप्पट' हा शब्द आणि 'दहा हजारांत एक-दोन' हा आकडा परस्परविरोधी नाहीत. परंतु पहिलाच तेवढा सांगितला तर आईबाप आवश्यक तपासणीही नाकारतील, आणि दुसऱ्यावरच विसंबले तर डॉक्टर अनावश्यक तपासणी सहज लिहून देतील. डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलाचा रक्तस्राव वेळीच न कळणे हा धोका या दोहोंपेक्षा निकटचा आहे. म्हणूनच ४२,००० हून अधिक मुलांच्या निरीक्षणावरून अमेरिकेत २००९ साली मांडलेले, कोणत्या मुलास सी.टी.ची गरज नाही हे लक्षणांवरून ठरविणारे नियम अधिक मोलाचे वाटतात. पिअर्स यांच्या निबंधास जी माहिती उपलब्ध नव्हती, तीच येथे निर्णयाचा पाया झाली आहे. तपासणीचे कारण मात्रेइतक्याच काळजीने नोंदविले जावे, हाच या परीक्षणाचा आग्रह आहे.